महाराष्ट्रात एजंटमार्फत घर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर शोधायला निघालेल्या लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. वाचताना एक भेद सतत ध्यानात ठेवा. बिल्डरकडून नवं घर घेणं वेगळं आणि आधीच्या मालकाकडून रिसेलचं घर घेणं वेगळं. एजंटची भूमिका, त्याला पैसे कोण देतं आणि त्याला कोणता कायदा लागू होतो, हे तिन्ही या दोन ठिकाणी बदलतं.

१. एजंटशिवाय घर घेता येत नाही का?

येतं की. एजंट असलाच पाहिजे असं कुठल्याही कायद्यात नाही. मालक आणि तुम्ही वकिलाकडून दस्त तयार करून घेतला, मुद्रांक शुल्क भरलं आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी केली की व्यवहार पूर्ण होतो. ज्या सोसायटीत भाड्याने राहताय तिथलाच फ्लॅट घ्यायचा असेल किंवा मालक ओळखीचा असेल, तर उगाच तिसरा माणूस आणू नका.

एजंटचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. जाहिरातीत न आलेली घरं त्याला माहीत असतात: कोणाची बदली झालीय, कोणाला दुसरं घर घेण्यासाठी पहिलं विकायचंय, ही खबर त्याच्याकडे आधी पोहोचते. दुसरा उपयोग बोलणीत. मालकाच्या तोंडावर जे म्हणता येत नाही ते एजंट सहज म्हणतो आणि नातं बिघडत नाही. कागदपत्रं तपासणं मात्र त्याचं काम नाही. त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

२. एजंट नेमका कोणाच्या बाजूने असतो, माझ्या की मालकाच्या?

बहुतेक वेळा तो व्यवहाराच्या बाजूने असतो. हे टोमणा म्हणून सांगत नाही, हिशोबच तसा आहे. समजा ८० लाखांचा फ्लॅट आहे आणि एजंटची दलाली १ टक्का. घासाघीस करून भाव ७७ लाखांवर आला तर तुमचे ३ लाख वाचतात आणि एजंटचे फक्त ३,००० रुपये जातात. म्हणजे भाव चढा ठेवण्यात त्याला फारसा रस नसतो, आणि तो आणखी खाली आणण्यासाठी दोन महिने खपण्यातही नसतो. त्याला हवं असतं की सौदा ठरावा आणि या आठवड्यातच ठरावा.

हे एकदा कळलं की त्याच्या वागण्याचा उलगडा होतो. तो मालकाला सांगतो, ‘गिऱ्हाईक चांगलं आहे, थोडं सोडा.’ तुम्हाला सांगतो, ‘मालक आता खाली येणार नाही, थोडं चढा.’ दोन्ही वाक्यं तो मनापासून बोलतो. म्हणून भाव जुळवणं, भेटी ठरवणं, निरोप पोहोचवणं ही वेगाची कामं त्याच्यावर सोपवा. घर घ्यावं की नाही, किती पैसे द्यावेत आणि कागद स्वच्छ आहेत का, हे थांबून विचार करायचे निर्णय स्वतःकडे ठेवा.

नव्या प्रकल्पात चित्र आणखी स्पष्ट असतं. तिथे एजंटला पैसे बिल्डर देतो. त्याने तुम्हाला कितीही चहा पाजला तरी तो बिल्डरचा माणूस आहे असं धरूनच चाला.

३. एजंट महारेरा नोंदणीकृत आहे हे कसं तपासायचं?

महारेरा म्हणजे महाराष्ट्राचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजे रेरा कायदा, याच्या कलम ९ नुसार, नोंदणीकृत प्रकल्पातलं घर प्रवर्तकाकडून (बिल्डरकडून) विकून देणाऱ्या प्रत्येक एजंटला नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात ती ५ वर्षांसाठी असते. एजंटचा नोंदणी क्रमांक ‘ए’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. काही जण प्रकल्पाचाच क्रमांक स्वतःचा म्हणून पुढे करतात, म्हणून पहिलं अक्षर बघा.

तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाका. नाव जुळतं का आणि मुदत संपलेली नाही ना, हे दोन मिनिटांत कळतं. २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही बंधनकारक केली, तेव्हा सक्षमता प्रमाणपत्र मागायला संकोच वाटू देऊ नका. आणखी एक पडताळणी: प्रकल्पाशी जोडलेल्या एजंटांची नावं बिल्डरला नोंदणीच्या वेळी द्यावी लागतात. तुमचा एजंट त्या यादीत आहे का ते पाहा.

नोंदणी नसताना व्यवसाय करणाऱ्याला दररोज १०,००० रुपयांप्रमाणे, त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

४. रिसेल फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटलाही ही नोंदणी लागते का?

हा प्रश्न नेहमी येतो आणि उत्तर ऐकून लोक नाराज होतात. कलम ९ मधली सक्ती प्रवर्तक विकत असलेल्या घरांपुरती आहे. दहा वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट एक मालक दुसऱ्याला विकतो, तेव्हा मध्यस्थाला महारेराची नोंदणी बंधनकारक नाही, आणि काही बिनसलं तर महारेरा त्यात सहसा हात घालत नाही.

तरीही नोंदणीकृत एजंट निवडावा असं माझं मत आहे. नोंदणी असली म्हणजे माणूस सचोटीचा असतो असं नाही. पण त्याचं नाव, पत्ता आणि छायाचित्र सरकारी नोंदीत आहे, आणि गमावण्यासारखं काहीतरी त्याच्याकडे आहे. तक्रारीचे मार्ग प्रश्न १८ मध्ये आहेत.

५. दलाली किती द्यायची आणि कधी?

दर कायद्याने ठरवलेला नाही. रिसेलमध्ये १ ते २ टक्के मागण्याची पद्धत आहे आणि अनेकदा दोन्ही बाजूंकडून घेतले जातात. हा आकडा वाटाघाटीचा आहे. तो बोलायची वेळ पहिल्या भेटीआधीची. घर आवडल्यावर दलालीवर बोलणं म्हणजे आपला हुकमाचा पत्ता आधीच उघडा टाकणं.

एका संदेशात चार गोष्टी लिहून घ्या: टक्केवारी, ती कोणत्या रकमेवर, जीएसटी धरून की सोडून, आणि कोणत्या टप्प्यावर देय. जीएसटीचा मुद्दा क्षुल्लक नाही. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर दलालीवर १८ टक्के कर लागतो. ८० लाखांवर १ टक्का म्हणजे ८०,०००, त्यावर १४,४०० कर, एकूण ९४,४००. नोंदणी नसलेल्या एजंटला जीएसटी आकारता येत नाही. त्यामुळे बिलावर जीएसटी क्रमांक असल्याशिवाय ते १८ टक्के देऊ नका.

टप्प्याबद्दल: टोकन दिलं त्याच दिवशी सगळी दलाली मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) नोंदवल्यावर अर्धी आणि ताबा मिळाल्यावर उरलेली, ही विभागणी दोघांनाही परवडते. शेवटचा हप्ता हातात असला की सोसायटीचं हस्तांतरण, वीजमीटरचं नाव, किल्ल्या या रटाळ कामांतही एजंटचा उत्साह टिकतो. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या.

६. नव्या प्रकल्पात दलाली बिल्डर देतो. मग थेट गेलो तर भाव कमी होईल का?

कधी होतो, बहुधा होत नाही, आणि याचं उत्तर तुमच्या पहिल्या भेटीआधीच ठरलेलं असतं. बिल्डर ज्या एजंटांबरोबर काम करतात त्यांना धंद्यात चॅनेल पार्टनर किंवा नुसतं सीपी म्हणतात. सीपीने तुमचं नाव आणि मोबाइल क्रमांक बिल्डरच्या प्रणालीत टाकला की तुम्ही त्याचं गिऱ्हाईक म्हणून ‘टॅग’ होता. ठरावीक काळ हा शिक्का राहतो. त्या मुदतीत तुम्ही एकटे गेलात तरी दलाली त्यालाच जाते आणि विक्री कार्यालय म्हणतं की आता थेट ग्राहकाचा भाव देता येणार नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. प्रकल्पाची नावं स्वतः हेरली असतील तर पहिली भेट एकट्याने द्या आणि प्रवेश अर्जावर ‘थेट’ असं लिहा. सीपीने सुचवलेला प्रकल्प असेल तर त्याच्याबरोबरच जा, पण बिल्डरकडून आणखी काय काढून देऊ शकतोस हे त्याला आधीच विचारा. मुद्रांक शुल्कात सवलत, मजल्यासाठीचा जादा दर माफ, हप्त्यांची सोयीची विभागणी या गोष्टी महिन्याच्या आणि तिमाहीच्या अखेरीस मिळण्याची शक्यता जास्त, कारण विक्री विभागाचं लक्ष्य तेव्हा गाठायचं असतं.

काही सीपी आपल्या दलालीतला वाटा परत देऊ करतात. तसं ठरलं तर लेखी घ्या. तोंडी आश्वासन बुकिंगनंतर कुणालाच आठवत नाही.

७. एकाच वेळी तीन-चार एजंटांशी बोललं तर चालतं का?

चालतं. रिसेलमध्ये एकच फ्लॅट अर्ध्या परिसरातल्या एजंटांकडे असतो, त्यामुळे ते तुम्हाला दोष देणार नाहीत. अडचण येते ती एकच घर दोघांनी दाखवल्यावर. दलालीवर दोघंही हक्क सांगतात.

म्हणून निघण्याआधी इमारतीचं नाव, विंग आणि मजला विचारा. आधी पाहिलेलं असेल तर लगेच कळवा: ‘हे घर मला अमक्या तारखेला दुसऱ्या एजंटने दाखवलं आहे.’ एवढ्या एका संदेशाने पुढची भांडणं टळतात. भेटीच्या वेळी एजंट सही करायला एक चिठ्ठी देतात, तीही वाचा. ‘या मालकाशी पुढच्या ठरावीक महिन्यांत व्यवहार झाल्यास दलाली देय’ असं कलम तिच्यात बहुतेक वेळा असतं.

आणि हो, एजंटने दाखवलेल्या घराच्या मालकाला मागच्या दाराने गाठून दलाली वाचवणं हा मार्ग धरू नका. व्यवहार कोणामुळे जुळला हे सिद्ध करता आलं तर एजंट पैशांसाठी दावा लावू शकतो. शिवाय त्याच भागात तुम्हाला राहायचंय.

८. एजंटला खरं बजेट सांगावं का?

गरजा शंभर टक्के खऱ्या सांगा, कमाल आकडा सांगू नका. ‘९० पर्यंत जाईन’ म्हटलंत की त्या दिवसापासून प्रत्येक घर ९० चं होतं आणि मालकाच्या कानावरही ‘पार्टी ९० पर्यंत जाईल’ हेच जातं.

त्याआधी स्वतःचा आकडा नीट काढा, कारण घराची किंमत आणि घराचा खर्च यांत मोठं अंतर असतं. ८० लाखांच्या रिसेल फ्लॅटवर मुंबईत ६ टक्के मुद्रांक शुल्क धरलं तर ४.८ लाख. नोंदणी फी १ टक्का पण कमाल ३०,०००. प्रश्न ५ मधली दलाली मिळवा, बेरीज ८६ लाखांच्या वर जाते. वकील, सोसायटी आणि रंगकाम अजून बाहेरच आहे. मुद्रांक शुल्काचा दर ठिकाणानुसार बदलतो, पुण्यात तो ७ टक्के आहे. घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास १ टक्का सवलत मिळते. बांधकाम चालू असलेल्या घरावर शुल्काशिवाय ५ टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या गटातल्या घरांना १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या घरावर जीएसटी नाही.

बँकेचं पूर्वमंजुरी पत्र हाती असेल तर ते एजंटला अवश्य सांगा. ‘बघू’ म्हणणारे त्याला रोज भेटतात. पत्र घेऊन येणाऱ्याला तो चांगली घरं आधी दाखवतो.

९. एजंट ‘१,००० स्क्वेअर फूट’ म्हणाला, घर तर छोटं वाटतंय. कोणता आकडा धरायचा?

फक्त कार्पेट एरिया. कायद्यातल्या व्याख्येनुसार त्यात घरातल्या मधल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, फक्त तुमच्या वापराची बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाही. ‘सेलेबल’, ‘सुपर बिल्टअप’ हे शब्द बोलण्यात अजून चालतात आणि त्यांत जिना, लॉबी, क्लबहाऊस काहीही मिसळलेलं असतं. दोन घरांची तुलना करताना किमतीला कार्पेटने भागा. एजंट चिडला तरी चालेल.

पार्किंगचंही इथेच विचारून घ्या. उघडं पार्किंग ही सामाईक जागा आहे, ती बिल्डरला विकता येत नाही. रिसेलमध्ये पार्किंग मालकाने विकत घेतलंय की सोसायटीने दिलंय, हे कागदावर पाहा.

१०. ‘या इमारतीत याच भावाने चाललंय’ असं एजंट म्हणतो. खरं-खोटं कसं करायचं?

या पानावरची सर्वांत उपयोगी गोष्ट कदाचित हीच असेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महाराष्ट्रात नोंदवलेल्या प्रत्येक विक्री दस्ताचा गोषवारा सूची २ मध्ये असतो. सगळे त्याला इंडेक्स टू म्हणतात. त्यात मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ, मजला आणि दस्ताची तारीख असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमधून तो मोफत पाहता येतो. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाका. मिळकत क्रमांक म्हणजे सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा सीटीएस नंबर. सोसायटीच्या मेंटेनन्स बिलावर तो काही वेळा छापलेला असतो, नाहीतर एजंटलाच विचारा. नंबर द्यायला टाळाटाळ करणारा एजंट तुम्हाला बरंच काही सांगून जातो.

गेल्या दीड-दोन वर्षांतले त्याच इमारतीतले आणि शेजारच्या दोन इमारतींतले दस्त काढा आणि मोबदल्याला कार्पेटने भागा. त्यातून एक पट्टा हाती येईल. जाहिरातीतले भाव ही विकणाऱ्याची इच्छा असते. इंडेक्स टू मध्ये दिसतं ते प्रत्यक्ष नोंदलं गेलेलं.

दोन सावधगिऱ्या. काही दस्तांत किंमत कमी दाखवून उरलेली रोख दिलेली असते, त्यामुळे एकाच दस्तावर विसंबू नका. आणि वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, हा बाजारभाव नव्हे. तो मुद्रांक शुल्काचा किमान पाया आहे: करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांतली जी जास्त, तिच्यावर शुल्क लागतं.

आता एजंटकडे परत या. ‘भाव जास्त वाटतो’ असं म्हणू नका. ‘मार्चमध्ये याच विंगमधला पाचवा मजला अमुक दराने नोंदलाय, हा दुसरा मजला त्याहून महाग का?’ असं विचारा. चांगला एजंट हाच आकडा घेऊन मालकाकडे जातो, कारण आता त्याच्याही हातात काहीतरी असतं.

११. ‘दुसरी पार्टी संध्याकाळी टोकन देतेय’, हे खरं असतं का?

अधूनमधून. पण ते खरं असलं तरी तुमचं उत्तर बदलत नाही. कागद पाहिले नसतील तर टोकन नाही. ‘मला मागच्या दस्ताची प्रत, भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आत्ता पाठवा, वकिलाने होकार दिला की उद्या सकाळी देतो’ असं सांगा. खरोखर घाई असलेला मालक तासाभरात पाठवतो.

१२. टोकन कोणाच्या नावाने द्यायचं आणि किती? थोडं रोख मागतायत.

घराच्या मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावाने, बँकेतून. एजंटच्या खात्यात टोकन कधीच नाही, ‘मी लगेच मालकाला पोहोचवतो’ म्हटलं तरी नाही. मालक दोघं असतील तर दोघांचीही संमती सहीनिशी घ्या. पती-पत्नीच्या नावावरच्या घराचं टोकन एकानेच घेतलं आणि दुसऱ्याने नकार दिला, असे वाद फार होतात.

रिसेलमध्ये रक्कम लहान ठेवा आणि विसार पावती करा. त्यात घराचं पूर्ण वर्णन, ठरलेली किंमत, साठेखताची तारीख आणि सर्वांत महत्त्वाचं, ‘कागदपत्रांत दोष निघाल्यास किंवा बँकेने कर्ज नाकारल्यास टोकन पूर्ण परत’ हे कलम हवं. एजंटच्या छापील पावतीत हे वाक्य क्वचितच असतं. हाताने लिहा आणि सही घ्या.

बिल्डरच्या बाबतीत रेरा कायद्याच्या कलम १३ ची मर्यादा आहे: विक्री करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेता येत नाही. बुकिंग रद्द करावं लागलं तर काय, हे वाटपपत्रात (अलॉटमेंट लेटरमध्ये) पाहा. महारेराच्या नमुना वाटपपत्रानुसार १५ दिवसांत रद्द केल्यास काहीही कापलं जात नाही, नंतर टप्प्याटप्प्याने किमतीच्या २ टक्क्यांपर्यंत कपात होते.

रोख रकमेबद्दल. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्याला मान्य नाही, घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तुमचं नुकसान निराळं. रोख दिलेला पैसा दस्तात दिसत नाही, त्यावर कर्ज मिळत नाही, व्यवहार मोडला तर तो दिला हे सिद्ध करता येत नाही, आणि पुढे घर विकताना तेवढा नफा वाढीव दिसून कर तुम्हीच भरता. ‘इथे सगळे असंच करतात’ हे एजंटचं म्हणणं खरं असेलही.

१३. कागद एजंटने तपासलेत. तरी वकील करायचा?

हो. आणि तो एजंटने सुचवलेला नको.

प्रश्न २ मधला हिशोब आठवा: व्यवहार मोडावा असा दोष शोधण्यात एजंटचा तोटाच आहे. वकिलाची फी व्यवहार झाला तरी मिळते आणि न झाला तरी. त्याच्याकडून शोध अहवाल घ्या, रिवाजाने मागच्या ३० वर्षांचा. तो पहिल्या खरेदीपासूनची दस्तांची साखळी, बोजा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा आणि सोसायटीच्या नावे जमीन झाली आहे का, म्हणजे अभिहस्तांतरण, हे सगळं पाहील. जाहीर सूचना वृत्तपत्रात द्यायची की नाही हेही तोच सांगेल. मालक वारसाहक्काने आलेला असेल तर ती अवश्य द्या.

एजंटकडून कागदांच्या प्रती मात्र जरूर मिळवा. गोळा करण्यात तो वाकबगार असतो. नव्या प्रकल्पात तर ग्राहकाला ज्या माहितीचा आणि कागदांचा हक्क आहे ते बुकिंगच्या वेळी मिळवून देणं हे रेरा कायद्याच्या कलम १० नुसार नोंदणीकृत एजंटचं कर्तव्यच आहे.

१४. होम लोन पण एजंटच करून देतो म्हणतो.

देऊ दे, पण दुसऱ्या एका बँकेत स्वतः जाऊन दर विचारा. कर्ज मिळवून दिल्याबद्दल त्याला बहुधा वेगळं कमिशन मिळतं. ‘कर्ज हवं तर आमच्याकडूनच’ अशी अट कोणी घातली तर उठा.

१५. सोसायटी ट्रान्सफरचे दीड लाख लागतील असं एजंटने सांगितलंय. बरोबर आहे?

महानगरपालिका क्षेत्रात सहकारी गृहनिर्माण संस्थेला हस्तांतरण अधिमूल्य कमाल २५,००० रुपये घेता येतं. ‘देणगी’, ‘विकास निधी’ अशा नावांनी जास्त मागण्याची प्रथा दिसते. आधी सोसायटीच्या सचिवांना स्वतः भेटून लेखी आकडा मागा. एजंटने सांगितलेला आणि सोसायटीने सांगितलेला आकडा कधीकधी वेगळा निघतो, आणि त्या फरकाची पावती कुणीच देत नाही. हे शुल्क विकणारा देणार की तुम्ही, हे साठेखतात लिहा. थकबाकी नसल्याचं पत्र त्याच भेटीत मागून ठेवा.

१६. मालक परदेशात आहे, त्याचा भाऊ मुखत्यारपत्रावर सही करणार. एजंट म्हणतो नेहमीचंच आहे.

नेहमीचं आहे, पण इथेच पैसे अडकतात. मुखत्यारपत्र मूळ स्वरूपात पाहा. त्यात याच घराच्या विक्रीचा आणि नोंदणीचा अधिकार स्पष्ट हवा, ते रद्द झालेलं नसावं आणि मालक हयात असावा. मालकाशी व्हिडिओ कॉलवर स्वतः बोला. रक्कम भावाच्या खात्यात न देता मालकाच्याच खात्यात द्या. नोंदणीकृत खरेदीखताऐवजी नुसत्या मुखत्यारपत्रावर ‘विक्री’ करून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. अशा कागदाने मालकी येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

करात एजंट हमखास चुकतात. मालक भारतात राहणारा असेल आणि किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर तुम्ही १ टक्का टीडीएस कापून भरायचा. मालक अनिवासी असेल तर ५० लाखांची मर्यादा लागू होत नाही आणि दर कितीतरी जास्त असतो. प्राप्तिकर विभागाकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र मालकाने आणलं तरच तो घटतो. तुम्ही १ टक्काच कापला तर उरलेला कर, व्याजासह, विभाग तुमच्याकडून मागतो. मालक तोवर परत गेलेला असतो. या एका व्यवहारासाठी सनदी लेखापाल गाठाच.

१७. टोकन दिलं आणि व्यवहार फिसकटला. दलाली परत मिळते का?

प्रश्न ५ मधल्या संदेशात काय ठरलं होतं त्यावर सगळं आहे. काहीच ठरलं नसेल तर एजंट म्हणेल, ‘मी पार्टी जुळवली, माझं काम झालं.’ तुम्ही म्हणाल, ‘घर मिळालंच नाही.’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच ‘दलाली साठेखताची नोंदणी झाल्यावरच देय’ हे वाक्य आधी हवं. तुम्हीच मन बदलून मागे फिरलात तर एजंटच्या श्रमाचं काहीतरी द्यावं. मालक फिरला किंवा कागदांत दोष निघाला तर काही देणं लागत नाही, असं मला वाटतं.

१८. एजंटने खोटं सांगून घर गळ्यात मारलं. तक्रार कुठे करायची?

नवा प्रकल्प असेल तर महारेराकडे. रेरा कायद्याच्या कलम ३१ नुसार तक्रार बिल्डरविरुद्धच नाही, एजंटविरुद्धही करता येते. ती ऑनलाइन होते आणि शुल्क ५,००० रुपये आहे. नसलेली परवानगी असल्याचं सांगणं हा कायद्यानुसार अनुचित व्यवहार आहे. जाहिरातही जपून ठेवा. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, तो नसलेली जाहिरात हाच एक पुरावा ठरतो.

रिसेल असेल तर सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोग, आणि पैसे उकळले असतील किंवा बनावट कागद दिले असतील तर पोलीस ठाणं.

कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न येतो: लेखी काय आहे? म्हणून एजंट तोंडी जे सांगतो ते त्याच दिवशी त्यालाच लिहून पाठवायची सवय लावा. ‘आज तुम्ही म्हणालात की समोरची मोकळी जागा बागेसाठी राखीव आहे आणि ताबा डिसेंबरमध्ये मिळेल. बरोबर ना?’ ‘हो’ आलं तर पुरावा झाला. उत्तरच आलं नाही तर तेही उत्तरच समजा.

१९. एजंट आमच्या नात्यातलाच आहे. त्याच्याशी हे सगळं कसं बोलायचं?

कठीण आहे. टक्केवारी काढली तर ‘घरच्यांशी हिशोब?’ आणि नाही काढली तर व्यवहारानंतर दोन्ही घरांत धुसफूस. पहिल्याच दिवशी हसत सांगून टाका: ‘मामा, दलाली बाजारभावानेच घ्या, कमी करू नका. मात्र कागद आमचा वकील बघेल आणि सगळं लिहून ठेवू.’ पूर्ण दलाली कबूल केली की बाकीच्या अटी घालताना जड जात नाही. मामांना हे पटत नसेल तर त्यांच्याकडून फक्त परिसराची माहिती घ्या आणि व्यवहार परक्या एजंटकडून करा.